सावलीची बैठक

एका म्हाताऱ्या माणसाला "तुम्हाला बोलू देईन" असं कबूल करून मी बोलू दिलं नाही. भरल्या सभेत त्यांना गप्प बसवून ठेवलं आणि काम झाल्यावर मागच्या दारानं बाहेर काढलं. नंतर त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या लहानपणापासूनच्या मित्रानं, विचारलं तेव्हा मी सांगितलं, "त्यांनीच नको म्हटलं." झालं ते एवढंच. लिहायला चार ओळी पुरल्या. तोंडानं कबूल करायला मात्र दोन वर्षं गेली.

आता पुन्हा घट बसले आहेत. लातूरला आमच्या कॉलनीच्या मागं थोडं रान अजून शिल्लक आहे, तिथं गेल्या आठवड्यात सोयाबीनचं मशीन लागलं. दिवसभर ते घरघरत होतं आणि भुश्शाची बारीक धूळ उन्हात तरंगत होती. या दिवसांतलं आमच्याकडचं ऊन विचित्र असतं. पाऊस गेलेला, थंडी अजून आलेली नाही. दुपारी रस्त्यावर कुणी नसतं आणि उजेड असा पिवळा, की जुन्या काचेतून गाळून आल्यासारखा. ती धूळ मानेला लागली की खाज सुटते. मी टेबलाशी बसून मान खाजवत होतो, तर बायको म्हणाली, "खिडक्या तर मी सकाळपासूनच लावून घेतल्यात. कुठून लागून राहिली तुम्हाला धूळ?"

मी हात खाली घेतला. खरंच, धूळ नव्हतीच. मानेवर जे होतं ते दोन वर्षांपूर्वीचं होतं.

आमचं गाव मुखेडच्या पुढं, सीमेच्या अंगाला. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. निजामाच्या काळात तिथं एक जहागीरदार होते. हैदराबादच्या दरबारात त्यांना कुठंतरी शेवटच्या रांगेत जागा मिळत असणार, पण गावात ते राजे होते. आणि राजे म्हटले की दरबार आला. गढीतल्या त्या लांबट दिवाणखान्यात सगळं होतं. चोपदार होता, मोरचेल ढाळणारा होता, पाणी आधी स्वतः चाखून मग देणारा आबदार होता, विड्याचं तबक धरणारा होता. माझ्या आजोबांकडं फडणिशी होती. मी त्यांना पाहिलं ते त्यांच्या शेवटच्या वर्षांत. दरबार केव्हाच बुडाला होता, पण त्यांच्या अंगातून गेला नव्हता. मुखेडच्या बँकेत साहेबाच्या केबिनमधून ते पाठ न दाखवता मागं मागं चालत बाहेर पडायचे. एकदा चहा घेऊन येणाऱ्या शिपायावर आदळले. शिपाई म्हणाला, "आजोबा, रिव्हर्स घेताना हॉर्न तर द्या!" सगळी बँक हसली. आजोबा हसले नाहीत. ते उलटंच चालत दारापर्यंत गेले.

ते सांगायचे, दरबारात माणसं एकमेकांना पायांवरून ओळखत. मान वर करायची नाही, मग दिसणार काय? पाय. राजांच्या उजव्या अंगठ्यावरून मर्जी कळायची. अंगठा चटईवर टेकलेला असला तर ठीक, वर उचललेला असला की अर्जाचा कागद परत गुंडाळायचा. तहान लागली तरी राजे पाणी मागत नसत, त्यांनी नुसतं आबदाराच्या दिशेला बघायचं. सगळा कारभार असा न बोलता चालायचा. लहानपणी मला ते जादूसारखं वाटे. आता वाटतं, एवढी माणसं रोज एका खोलीत जमून एकमेकांच्या तोंडाकडं न बघता वर्षानुवर्षं बसत असतील तर त्या खोलीच्या भिंतींचं काय होत असेल?

नवरात्रात राजे घटाजवळ बसत. माहूरच्या रेणुकेचा घट. दसऱ्यापर्यंत कुणाशी बोलायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. पण तेवढे दिवस गादी रिकामी ठेवायची नाही, असा रिवाज होता. रिकाम्या गादीवर काहीही येऊन बसतं, असं मानत. म्हणून तिथं कुणाला तरी बसवायचं. वर्षभरात राजघराण्यावर जे काही यायचं असेल, आजार, दृष्ट, मरण, ते येऊन त्या बसलेल्यावर उतरावं आणि दसऱ्याला त्याच्याबरोबर बाहेर जावं. याला "सावली बसवणं" म्हणत.

सावली बसवायची ती महारवाड्यातून. एरवी ज्यांची सावली अंगावर पडली तर आंघोळ करायची, त्यांच्यातलाच एक मुलगा निवडायचा. त्याला राजांचा जुना अंगरखा घालायचा, पगडी ठेवायची आणि तोंडावर झेंडूच्या माळांचा पडदा सोडायचा. त्याच्यासमोर रोज रीतसर दरबार भरायचा. चोपदार ललकारी द्यायचा, मानकरी मुजरा करायचे. त्याला हात मात्र कुणी लावायचा नाही. पाणी, जेवण काठीनं पुढं सरकवायचं. त्यानं बोलायचं नाही. दसऱ्याच्या सकाळी सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे आणि तो मागच्या दारानं निघून जायचा. जाताना त्याच्याकडं कुणी बघायचं नाही.

मुलगा निवडायचं काम फडणिसाचं.

शेवटचा मुलगा म्हणजे आमचे गुरुजी. पोलिस ॲक्शन झाली, जहागीर गेली, तरी गढीतलं नवरात्र काही वर्षं तसंच चालू होतं. मग छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. गुरुजींच्या वडिलांनी परत येऊन गढीच्या दारात उभं राहून सांगितलं, "आता आमच्यातलं पोर मिळणार न्हाई," आणि ते बंद पडलं. पुढं गुरुजी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले आणि आमच्याच गावी बदलून आले. आमच्या अख्ख्या पिढीला त्यांनी पाढे शिकवले. त्यांचा मुलगा नागसेन माझ्या शेजारी बसायचा. तो आता नांदेडला पाटबंधारे खात्यात आहे. मी लातूरला कॉलेजात इतिहास शिकवतो.

गुरुजींनी स्वतःहून ती गोष्ट कधी काढली नाही. मला सांगितली ती नांदेडला, नागसेनच्या घरी. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, मी भेटायला गेलो होतो. नागसेन औषधं आणायला गेलेला. डोळ्यांवर पट्टी होती, समोर कोण आहे ते दिसत नव्हतं, म्हणूनच बोलले असावेत.

"फुलांतून पाय दिसायचे, विनायक. नुसते पाय. येऊन राहिले, थांबले, मागं सरकले. मला वाटायचं माणसं वरती कापलेली हायेत. तुझ्या आजोबाचे पाय मी ओळखायचो. अंगठ्याचं नख काळं होतं."

"भीती वाटायची?"

"बोलायचं नव्हतं ना. मग मी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणायचो. नवीनच शिकलो होतो. बे एके बे. जोवर पाढा चालू हाय तोवर मी मीच हाय, असं वाटायचं. पाढा चुकला की अंगरखा जड व्हायचा."

मग ते म्हणाले, "त्या वर्षी आमची शेवंता गेली. माझी धाकटी बहीण. ताप आला आणि गेली. आई मला कधीच काही बोलली न्हाई. पण पुढं किती तरी दिवस ती मला जवळ घ्यायची न्हाई. मी घरी काय घेऊन आलो, ते तिला ठाऊक होतं असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं. मास्तर झालो, सगळं वाचलं, पोरांना सांगितलं की असलं काही नसतं. नसतंच. तरी वाटायचं."

हे मला माहीत होतं. हे सगळं माहीत असताना मी पुढचं केलं.

गढीचा तो दिवाणखाना आज पडका वगैरे नाही. ऑइलपेंट दिलेला आहे, फरशी नवी आहे, पंखे आहेत. लग्नसराईत तो कार्यालय म्हणून भाड्यानं देतात. मालक म्हणजे राजांचे नातू, राहायला हैदराबादला, जमिनींचे व्यवहार करतात. गावात त्यांना अजून सरकारच म्हणतात. गादी मात्र आहे तिथंच आहे, पितळी दांड्यांना लाल दोर बांधलेला. लग्नात आचारी लोक पातेली, पत्रावळी, पाण्याचे जार सगळीकडं रचतात, पण त्या दोराजवळ कुणी काही ठेवत नाही. ठेवू नका असं त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

दोन वर्षांपूर्वी सरकारांनी मला बोलावलं. नवरात्रात गढीचा वारसा दाखवणारा एक कार्यक्रम करायचा, जुना दरबार जसाच्या तसा उभा करायचा, आणि त्याचं चित्रण मोठ्या लोकांना दाखवायचं, असं त्यांच्या मनात होतं. माझ्या मनात तर किती वर्षं होतं. मी चोपदाराची ललकारी लिहून दिली, मुजऱ्याची पद्धत बसवून घेतली. आणि मला वाटायला लागलं की सावलीच्या बैठकीशिवाय हे अपुरं आहे. इतिहासाच्या माणसाला खरं दाखवायचं असतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धं खरं होतं. बाकी अर्धं असं, की असं काही दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

मी गुरुजींकडं गेलो. नागसेनला सांगितलं नाही, कारण तो नाही म्हणाला असता. गुरुजींना म्हटलं, "लोकांना कळू द्या काय चाललं होतं ते. पोरगं नको, तुम्हीच बसा. थोडा वेळ बसा. मग पडदा बाजूला करा आणि माइकवर तुम्हीच सांगा."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. "मी बोलणार?"

"तुम्हीच बोलणार. त्यासाठीच तर आहे हे."

"बसण्यात मला काही नवल न्हाई," ते म्हणाले. "पण तिथून बोलायचं राहिलंय खरं." मग हसून म्हणाले, "मुद्दे काढतो. तू वेळ किती देतोस सांग, न्हाईतर मी एकदा बोलाय लागलो की थांबत न्हाई, तुला माहीत हाय."

त्या दिवशी दुपारपासून माणसं जमत होती. शेतात मशिनं चालू होती आणि ती पिवळी धूळ दिवाणखान्यापर्यंत येत होती. गावातली पोरं मानकरी झाली होती. पगड्या सावरत एकमेकांचे फोटो काढत होती. चोपदार झालेल्या पोराला एकजण म्हणत होता, "ए बाब्या, काठी नीट धर, म्हशी हाकून नाही राहिलास तू." दंगा चालू होता. मग गुरुजी आले. त्यांनी अंगरखा घातला, पगडी ठेवली, स्वतःच जाऊन गादीवर बसले. मी झेंडूचा पडदा सोडला.

दंगा थांबला. मी थांबवला नाही. आपोआप थांबला.

चोपदार झालेल्या पोरानं "आस्ते कदम, निगाह रखो" म्हटलं ते तालमीसारखं नव्हतं, आवाज खाली गेला होता. पोरं एकेक करून पुढं आली, मुजरा केला आणि पाठ न दाखवता मागं सरली. मागं सरायचं मी त्यांना शिकवायला विसरलो होतो. पंखे बंद केलेले, कबुतरांचा आवाज नाही. फुलांचा पडदा श्वासाबरोबर हलत होता, एवढंच काय ते हलत होतं. सरकार स्वतः दाराच्या आतसुद्धा आले नाहीत. बाहेरच्या पायरीवर उभे होते.

आणि मग एक बाई उठली. प्रेक्षकांतली. कडेवर लहान पोर होतं. तिनं पोराच्या हातातला काळा दोरा सोडला, पोरावरून ओवाळला आणि पुढं जाऊन गादीसमोर ठेवला. ठेवला म्हणजे, वाकली आणि लांबून सरकवला. हात लागू नये असा. तिच्यामागून दुसरी उठली. मग तिसरी. कुणी मीठमोहऱ्यांची पुरचुंडी ठेवली. एकीनं आजारी सासऱ्याची टोपी. एका शिकलेल्या, चष्मा लावलेल्या माणसानं खिशातून औषधाची रिकामी पट्टी काढून ठेवली. कुणी कुणाला सांगत नव्हतं. इतकी वर्षं मध्ये गेली होती, त्यातल्या निम्म्या बायका लग्न होऊन दुसऱ्या गावांहून आलेल्या होत्या. हातांना हे कुठून माहीत होतं?

तेव्हा मी थांबवायला हवं होतं. पडद्याआडचे माझे गुरुजी आहेत, मला पाढे शिकवलेले, हे तिथं जोरात म्हणायला हवं होतं. मी कॅमेरेवाल्या पोराला खुणेनं सांगितलं, जवळ जा.

बऱ्याच वेळानं सरकारांनी मला बाहेर बोलावून घेतलं. चेहरा उतरला होता. "मास्तर, उठवा त्यांना आता. मला बरं वाटून नाही राहिलं."

"त्यांचं बोलणं राहिलंय."

"आता कशाला बोलणं? लोक बघा कसे झालेत. भाषण नको. ताटं वाढायला घ्या. त्यांना तिकडूनच जाऊ द्या."

ते दुष्ट नव्हते, घाबरले होते. मीही घाबरलो होतो. गुरुजींनी पडदा बाजूला करून माणसाच्या आवाजात बोलायला सुरुवात केली की ती टोपी, तो दोरा, ती पट्टी, सगळं ज्याचं त्याला उचलून घरी न्यावं लागलं असतं, असं मला वाटलं. आणि चित्रण फार छान झालं होतं. मी माइकवर सांगितलं, "कार्यक्रम संपला, भोजनाची व्यवस्था अंगणात आहे." लोक उठले, अंगणाकडं वळले. वळले म्हणजे सगळ्यांच्या पाठी गादीकडं झाल्या. मी मागच्या दाराची कडी काढली आणि म्हटलं, "गुरुजी, इकडून."

ते उठले. पडदा अजून तोंडावरच होता. माझ्याजवळून जाताना थांबले. काही विचारत होते की नुसते थांबले होते, मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होतो. त्यांचे पाय मला दिसले. धुळीनं भरलेले, मोज्यांशिवाय, शाळेत असायचे तशाच चपलांत. मग ते पाय गेले.

नंतर पंगतीत एकानं विचारलं, "सर, गादीवर कोण बसवलं होतं हो? एकदम खरंच कुणीतरी बसल्यागत वाटलं." मी वरणभात कालवत म्हणालो, "आहेत आपलेच एक."

दुसऱ्या दिवशी गावी आलेल्या नागसेनचा फोन आला. "विन्या, बाबा बोलून नाही राहिले रे. काल सांजच्याला आले तेव्हापासून. बाजेवर ताठ बसून राहिलेत. आईनं ताट हातात दिलं तर घेत न्हाईत. खाली ठेवून सरकवलं की खातात. काय झालं तिकडं?"

मी म्हणालो, "अरे, आपणहून आले होते, म्हणाले बसतो. बोलायचं होतं त्यांना, मग तेच म्हणाले नको, थकलो."

"बाबा म्हणाले, नको?"

"हाव."

"बाबा भाषणाला नको म्हणाले," तो स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला.

दसऱ्याला ते घर दरवर्षी नागपूरला जातं, दीक्षाभूमीवर. ते घर एकही वर्ष चुकलं नव्हतं. त्या वर्षी गेलं नाही. मी लातूरला घरात आपट्याची पानं घेऊन बसलो होतो आणि कुणाकडंही जायचं धाडस होत नव्हतं. संध्याकाळी गावातून कळलं की विहारात वंदना सुरू झाली तेव्हा गुरुजी उठून गेले, मागं उभे राहिले आणि तिसऱ्या सरणाला, "संघं सरणं गच्छामि"ला, त्यांचा आवाज निघाला. त्यानंतर ते सगळ्यांशी बोलू लागले. पीकपाणी, पेपर, नातवंडं. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. माझ्या नावाचाही उच्चार नाही. नागसेननं मला काही विचारलं नाही, फक्त फोन करायचा बंद झाला.

चित्रण माझ्याकडं आहे. सुरुवातीला मी ते अभिमानानं बघायचो. मग एकदा दुपारी, अशाच सोयाबीनच्या दिवसांत, आवाज बंद करून बघत असताना मला दिसलं, की कॅमेरा जवळ गेला आहे तिथं पडद्याआड ओठ हलताहेत. मी मागं घेऊन पुन्हा बघितलं. फुलं जाड, प्रकाश कमी, काही नीट दिसत नाही. तरी हलताहेत. एका ठेक्यात, मध्ये किंचित थांबून पुन्हा. मला वाटलं मुद्दे आठवत असतील. किती तरी वेळा बघितल्यावर माझे स्वतःचे ओठ त्या ठेक्यात हलायला लागले आणि मग कळलं. बे एके बे. बे दुणे चार. समोर दोरे, टोप्या येऊन पडताहेत आणि आत एक म्हातारा माणूस आपण आपणच आहोत एवढं धरून ठेवतो आहे. ज्या ठिकाणी टोपी ठेवली जाते तिथं ओठ थांबतात. पुढं बराच वेळ थांबलेलेच असतात. पडदाही हलत नाही. ती जागा आली की मी फोन उलटा ठेवतो.

घट बसायच्या आधी सरकारांचा फोन आला. "मास्तर, यंदा पुन्हा करू. ती बैठक लोकांना लई आवडली होती. विचारून राहिलेत लोक, कधी हाय म्हणून. म्हातारा नसेल येत तर त्यांच्याकडचं एखादं लहान पोरगं बघा ना. पूर्वी पोरगंच असायचं म्हणे. तुमच्याच घरानं बघायचं असतं ना ते?"

मानेवर खाज सुटली ती तेव्हा.

मी गावी गेलो. भर सकाळी, पुढच्या दारानं. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. नागसेन आलेला होता, नागपूरला जायची बांधाबांध चालली होती. मला बघून तो उठला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोलू देण्याचं कबूल करून बोलू दिलं नाही हे सांगितलं, आणि नागसेनला खोटं सांगितलं हेही.

नागसेन म्हणाला, "म्हणजे तुझ्या आजोबानं एकदा निवडलं आणि तू दुसऱ्यांदा. आणि मी बापालाच विचारत बसलो, बाबा, तुम्ही का नको म्हणालात म्हणून." मग आवाज चढवून म्हणाला, "ते काहीच सांगत नव्हते, विन्या! मला वाटलं त्यांची अक्कल गेली."

"नागसेन," गुरुजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली बघायला लागलो तसे म्हणाले, "वर बघ." शाळेत म्हणायचे तसंच. मी वर बघितलं.

"हे तू इथं सांगितलंस," ते म्हणाले. "चूक काही इथं झाली न्हाई, गढीत झाली. एका पाटीवरची चूक दुसऱ्या पाटीवर दुरुस्त केलेली मी कधी तपासली का?"

"नाही, गुरुजी."

"मग."

परवा गढीत बैठकीला पाचची वेळ दिली होती. सरकारांना मी एवढंच सांगितलं की बैठक होईल, पण गादीवर कुणी बसणार नाही. ते म्हणाले, मग बघणार काय लोक? माणसं मात्र आली. त्या काळ्या दोऱ्याची बाईही होती, पोर आता चालत होतं. पिवळा उजेड खिडक्यांतून फरशीवर पडला होता. गुरुजी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पांढऱ्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद. नागसेन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

माइक गादीच्या पुढ्यात होता. लोकांकडं तोंड केलं की गादीकडं पाठ होते. आमच्या घराण्यात त्या गादीकडं कुणी पाठ केली नव्हती. मी केली. पाठीमागं रिकामी गादी होती आणि रिकाम्या गादीवर काहीही येऊन बसतं. मानेवर अगदी हलका वारा लागला, पंखे बंद असताना. मला वळून बघावंसं वाटलं. मी बघितलं नाही. समोर खाली मान घातलेली माणसं होती आणि पहिल्या रांगेत एकच चेहरा वर होता. मी त्या चेहऱ्याकडं बघून बोललो.

"दोन वर्षांपूर्वी या जागेवर फुलांच्या पडद्याआड जे बसले होते ते आमचे गुरुजी. ते आपणहून आले नव्हते, मी बसवलं. लहानपणी याच गादीवर त्यांच्या वाट्याला काय आलं हे मला माहीत होतं, तरी बसवलं. तुम्ही त्यांच्यापुढं जे ठेवलंत ते ठेवू दिलं. त्यांना बोलू देईन असं कबूल केलं होतं, ते मोडलं. मागच्या दारानं काढलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या मुलाला सांगितलं की तेच नको म्हणाले. ते नको म्हणाले नव्हते. गुरुजी, माझं चुकलं. नागसेन, माझं चुकलं. मला माफ करा असं म्हणायला मी इथं उभा आहे, माफी द्यावी की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बाजूला होतो. गुरुजी, तुमचं बोलायचं राहिलंय."